ठकीचे पथ्य: 'युरिनरी एस/ओ' या श्वानखाद्याचा साडेतीन महिन्यांचा अनुभव

आमच्या ठकीने गेल्या वर्षी जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीन महिने, रॉयल कॅनिन कंपनीचे 'युरिनरी एस/ओ' हे कोरडे खाद्य खाल्ले आणि त्या काळात त्याशिवाय दुसरे जवळजवळ काहीही खाल्ले नाही. 'जवळजवळ' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. त्याचे कारण पुढे येईल. तिच्या मूत्राशयात एक चिंचोक्याएवढा आणि दोन मुगाच्या दाण्याएवढे खडे होते, ते शस्त्रक्रियेविना विरघळले. मात्र एवढे वाचून कोणी लगेच पिशवी मागवू नये, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे. हे खाद्य दिसायला नेहमीच्या दाण्यांसारखे असले तरी ते औषधाच्या जातीचे आहे. खडा कोणत्या क्षाराचा आहे, खाद्य किती दिवस द्यायचे आणि त्याच्या जोडीला काय द्यायचे हे ठरल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही, आणि चुकीच्या कुत्र्याला दिले तर अपायही होऊ शकतो. सगळ्या पिशव्या मी स्वतः पैसे देऊन विकत घेतल्या आहेत.

ठकी सहा वर्षांची आहे, तिचे बीजांडकोश व गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया पूर्वीच झालेली आहे आणि वजन नऊ किलोच्या आसपास आहे. आम्ही तिला पॉमेरेनियन म्हणून आणले; जाणकार मंडळी तिला इंडियन स्पिट्झ म्हणतात. साताऱ्याचा जुलै कसा असतो हे इथल्या लोकांना सांगायला नको. पाऊस सुरू झाला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि ठकीला तर पाय ओले झालेले मुळीच खपत नाहीत. दारापर्यंत जायचे, बाहेर पाहायचे आणि परत येऊन गोणपाटावर निजायचे, असा तिचा क्रम झाला होता. ती लघवी तासन् तास धरून ठेवत होती आणि गारव्यामुळे पाणीही कमी पीत होती, पण आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही. मग एके दिवशी ती घरातच पाच-पाच मिनिटांनी बसू लागली, दर वेळी चार थेंब पडायचे, आणि शहाबादी फरशीवर त्या थेंबांची कड गुलाबी दिसली. लघवीत रक्त होते.

मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी फरशीकडे पाहिले आणि पहिल्या वाक्यातच कुळथाचे कढण सुचवले. शेजारच्या काकूंनी पानफुटीची पाने आणून दिली. माझ्या दिरांनी औषधाच्या दुकानातून, माणसांना लघवीची जळजळ होते तेव्हा देतात ते गोड सिरप आणले. सगळ्यांचा हेतू चांगला होता. परंतु डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले तेव्हा मला कळले की हे सिरप लघवीतील आम्लता कमी करते, आणि ठकीला जो खडा होता तो नेमका आम्लता कमी असलेल्या लघवीतच वाढतो. म्हणजे आम्ही आगीत तेल ओतणार होतो. कुळीथ आणि पानफुटी यांचा आधार आपल्याकडे माणसांच्या मुतखड्यासाठी घेतला जातो, आणि माणसांचे खडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. कुत्रीच्या मूत्राशयातील खड्याची गोष्ट निराळी असते. नाव एकच असले तरी दगड एक नसतो.

यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण खाद्याची निवड पूर्णपणे याच गोष्टीवर अवलंबून आहे. कुत्र्यांत सर्वाधिक आढळणारे खडे दोन प्रकारचे असतात. एक स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा क्षार; दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. स्ट्रुव्हाइट योग्य खाद्याने विरघळू शकतो. ऑक्झलेट कोणत्याही खाद्याने विरघळत नाही. तो काढावाच लागतो आणि खाद्याचा उपयोग झाला तर पुन्हा होऊ नये यासाठी होतो. डाल्मेशियन जातीत आनुवंशिक दोषामुळे युरेटचे खडे होतात आणि त्यांचे पथ्य आणखी वेगळे असते. कुत्र्यांमधील स्ट्रुव्हाइट बहुतेक वेळा जंतुसंसर्गातून होतो. स्टॅफिलोकॉकस किंवा प्रोटिअस यांसारखे जंतू लघवीतील युरिया फोडून अमोनिया तयार करतात, त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यात हा क्षार विरघळलेला राहू शकत नाही. माद्यांचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्यामुळे संसर्ग त्यांना लवकर होतो, म्हणून हे खडेही त्यांच्यात अधिक दिसतात. नरांमध्ये मूत्रमार्ग अरुंद आणि शिश्नातील हाडाच्या खोबणीतून जाणारा असतो, तिथे बारीक खडाही अडकतो. नर कुत्रा जोर करत असेल आणि थेंबही येत नसेल तर खाद्याचा विचार करत बसू नये, त्याच तासाला दवाखाना गाठावा.

ठकीच्या पहिल्या तपासणीतच एक गफलत झाली आणि ती माझ्याकडूनच झाली. संध्याकाळी मी लघवीचा नमुना धरला आणि दवाखाना बंद झाला होता म्हणून बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन पाहिली, ती किती वाजताची आहे हे विचारले आणि बाजूला ठेवून दिली. लघवी थंड झाली किंवा बराच वेळ राहिली तर बाटलीतच स्फटिक तयार होतात. ते कुत्र्याच्या मूत्राशयात होतेच असे म्हणता येत नाही. त्यामुळे नमुना अर्ध्या ते एक तासाच्या आत तपासला जावा लागतो. शिवाय नुसते स्फटिक दिसणे हा आजार नव्हे. अनेक निरोगी कुत्र्यांच्या लघवीतही थोडे स्ट्रुव्हाइटचे स्फटिक सापडतात आणि खडा, संसर्ग किंवा त्रास नसेल तर त्यांच्यासाठी काहीही करावे लागत नाही. अहवालात 'क्रिस्टल्स' हा शब्द पाहून थेट हे खाद्य घ्यायला धावणारे लोक मला नंतर भेटले, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरणाचा जुना लांब दांड्याचा डाव घेऊन ठकीच्या मागे गच्चीवर गेले. पाऊस भुरभुरत होता. ती बसली की डाव हळूच खाली सरकवायचा, पहिली धार जाऊ द्यायची आणि मधली धरायची. दोनदा ती डाव पाहून उठली, तिसऱ्यांदा जमले. पंधरा मिनिटांत नमुना दवाखान्यात होता. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. पुस्तकांत या स्फटिकांना शवपेटीच्या झाकणाची उपमा देतात, मला मात्र लहानलहान कौलारू घरांची छपरे वरून दिसावीत तसे ते दिसले. स्वच्छ, काचेसारखे आणि इतके रेखीव की यांच्यामुळे त्या मुक्या जिवाला असा त्रास होत असेल यावर विश्वास बसू नये. लघवीचा पीएच ८ होता, म्हणजे ती अल्कधर्मी होती, आणि विशिष्ट गुरुत्व १.०३८, म्हणजे लघवी दाट होती. एक्स-रेमध्ये तीन पांढरे ठिपके स्पष्ट आले. कल्चरसाठी, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, मात्र डावातली लघवी चालत नाही, कारण तिच्यात बाहेरचे जंतू मिसळतात. त्यासाठी डॉक्टरांनी सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतला. त्यात स्टॅफिलोकॉकस निघाला. अल्कधर्मी लघवी, युरिया फोडणारा जंतू, एक्स-रेवर दिसणारे खडे आणि मादी कुत्री, या चार गोष्टी जुळल्यावर खडे स्ट्रुव्हाइटचे असावेत असा निष्कर्ष काढून डॉक्टरांनी हे खाद्य आणि कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक, अशी दोन्ही एकदम सुरू केली. शस्त्रक्रियेची घाई करू नये, असे स्ट्रुव्हाइट आधी विरघळवण्याचाच प्रयत्न करावा, अशी अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांची २०१६ पासूनची शिफारस आहे, हेही त्यांनी सांगितले. आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महिनाभरात खडे लहान झाले नाहीत तर तिथे दाखवू, असे आमचे ठरले होते.

आता खाद्याविषयी. रॉयल कॅनिन ही मूळची फ्रान्समधील कंपनी. १९६८ मध्ये एका पशुवैद्याने ती सुरू केली. या विशिष्ट खाद्यात मॅग्नेशियम मर्यादित ठेवलेले असते, प्रथिनांचे प्रमाण नेहमीच्या खाद्यापेक्षा कमी असते, लघवी आम्लधर्मी होईल अशी त्याची रचना असते आणि मीठ मुद्दाम वाढवलेले असते. मिठाचे प्रयोजन मला आधी कळले नव्हते. कुत्र्याला तहान लागावी, त्याने जास्त पाणी प्यावे आणि लघवी पातळ व्हावी, एवढ्यासाठीच ते असते. आपल्याकडे खडीसाखर कशी करतात ते आठवले की हे सगळे ध्यानात येते. साखरेच्या गच्च पाकात दोरा सोडला की त्यावर खडे चढतात. त्याच पाकात पाणी वाढवत गेले तर चढलेले खडे पुन्हा विरघळू लागतात. लघवी संपृक्त राहणार नाही एवढी पातळ ठेवणे, हे या खाद्याचे निम्मे काम आहे, आणि ते निम्मे काम प्रत्यक्षात पाणी करते. म्हणून मी दाणे कधीही कोरडे दिले नाहीत.

आमची पद्धत अशी होती. दिवसाचे १३० ग्रॅम दाणे सकाळी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मोजून एका स्टीलच्या डब्यात काढायचे. त्यातील निम्मे सकाळी आणि निम्मे संध्याकाळी, दर वेळी एक पेलाभर कोमट पाणी घालून द्यायचे. दाणे पूर्ण फुगेपर्यंत थांबले तर लगदा होतो आणि ठकी तोंड फिरवते. पाच मिनिटे भिजवले तर कड मऊ होते, आतला भाग कुरकुरीत राहतो आणि वर राहिलेले पाणी ती आधी लपालपा पिऊन टाकते. हे पाच मिनिटांचे प्रमाण आम्हाला आठवडाभराने सापडले. कोरड्या खाद्यात साधारण दहा टक्के पाणी असते आणि टिनमधील ओल्या खाद्यात पंचाहत्तर टक्क्यांच्या वर, त्यामुळे ज्यांना परवडते आणि मिळते त्यांनी ओले द्यावे हे अधिक चांगले. पण रोज टिन घालणे आम्हाला शक्य नव्हते आणि भिजवलेल्या कोरड्या दाण्यांनी काम झाले. शिवाय घरात तीन ठिकाणी पाण्याची भांडी ठेवली, त्यातले एक गॅलरीत, कारण पावसाचा आवाज ऐकत बसणे तिला आवडते.

सुरुवातीला पहिले सात दिवस जुन्या खाण्यात हे दाणे थोडे थोडे वाढवत नेले. जुने खाणे म्हणजे दूध-भाकरी, कधी भात, कधी उकडलेले अंडे, आणि अधूनमधून घरातला प्रत्येकजण जे देईल ते. चव तिला लगेच आवडली. एकदाही वाटी उरली नाही. शी घट्ट आणि थोडी झाली. पण या खाद्यात स्निग्धांश बराच असतो, याचा प्रत्यय पहिल्याच महिन्यात आला: ठकीचे वजन चारशे ग्रॅमने वाढले. आम्ही पिशवीवरील तक्त्यापेक्षा थोडे जास्त देत होतो, कारण तिच्या डोळ्यांकडे पाहून हात सैल सुटत होता. त्यानंतर वजनकाटा आला. ज्यांच्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला आहे किंवा रक्तात चरबी जास्त आहे, त्यांनी याच कारणासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे खाद्य देऊ नये. मीठ जास्त असल्यामुळे हृदयविकार, वाढलेला रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या कुत्र्यांसाठीही ते नाही. पिल्ले, गाभण आणि दूध पाजणाऱ्या कुत्र्या यांना तर देऊच नये, कारण त्यांना जे भरपूर लागते तेच यात मोजून घातलेले असते.

रात्री उठावे लागते, हे मात्र आधीच सांगून ठेवते. पाणी जास्त प्यायले की लघवी जास्त होणारच. पहिले दोन महिने आमच्याकडे पहाटे तीनचा गजर लावलेला असे आणि मी किंवा माझे यजमान छत्री धरून तिला अंगणात नेत असू. हा खाद्याचा दोष नाही, हाच त्याचा परिणाम आहे, आणि धरून ठेवलेली लघवी हेच निम्मे दुखणे असल्यामुळे तिला बाहेर नेण्याचा कंटाळा करून हे खाद्य देण्यात अर्थ नाही.

सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच होती. आमच्या घरात पहिला घास गाईचा आणि शेवटची भाकरी कुत्र्याची, ही रीत सासूबाईंनी पन्नास वर्षे पाळलेली आहे. तव्यावरची शेवटची, थोडी जाडसर भाकरी त्या ठकीसाठीच थापत. ती बंद करा असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? पहिले पंधरा दिवस मी सांगितले नाही आणि त्या देत राहिल्या. कधी दुधात कुस्करून, कधी तुपाचे बोट लावून. गुरुवारी प्रसादाच्या पेढ्याचा तुकडाही तिच्या वाट्याला जात होता. कंदी पेढ्याच्या गावात कुत्र्याला पेढा नाही म्हणणे हे सोपे काम नव्हे. शेवटी मी त्यांना दवाखान्यात बरोबर नेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून ते तीन ठिपके त्यांना दाखवले आणि म्हणाले, "आजी, हे खाद्य विरघळवण्याचं काम करतंय. भाकरी, दूध, पेढा गेला की त्याचा हिशेब बिघडतो. तीन महिने तुम्ही सांभाळा." परत येताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी शेवटची भाकरी थापली ती त्यांनी गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला नेऊन घातली, आणि मग स्टीलच्या डब्यातले वीस दाणे मोजून तळहातावर घेतले व ठकीला एकेक करून भरवले. त्या दिवसापासून ते वीस दाणे सासूबाईंच्या वाट्याचे झाले. खाऊ म्हणून वेगळे काही द्यायचे नाही, रोजच्या मापातलेच दाणे हाताने द्यायचे, हा उपाय मला कोणत्याही पिशवीवर छापलेला आढळला नाही, पण घरात वडीलधारी माणसे असतील तर पथ्य टिकण्यासाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

खरेदीचा अनुभव समाधानकारक म्हणता येणार नाही, आणि तो खाद्याचा नव्हे तर विक्रीचा आहे. शहरातील एका दुकानात मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तेव्हा दुकानदारांनी फळीवरून पिशवी काढून दिली. नाव तेच, रंगही तसाच. घरी येऊन पाहते तो पिशवीवर मांजराचे चित्र. मांजरांच्या याच नावाच्या खाद्याची घडण मांजराच्या गरजेप्रमाणे असते आणि त्यात प्रथिने कुत्र्याच्या खाद्यापेक्षा बरीच जास्त असतात. आम्हाला नेमकी कमी हवी होती. पिशवी बदलून मिळाली, परंतु "सगळं एकच असतं हो" हे त्यांचे वाक्य मला अजून खटकते. दुसऱ्या एका ठिकाणी मोठी पिशवी फोडून त्यातले अर्धा किलो सुटे देण्याची तयारी दाखवली गेली. सुटे घेतले तर तारीख कळत नाही, उघड्यावर चरबी खवट होते आणि आत खरेच कोणते दाणे आहेत याची खात्री राहत नाही, म्हणून मी ते नाकारले. त्याच दुकानात मला हे खाद्य आयुष्यभर द्यावे लागेल असेही ठामपणे सांगण्यात आले. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी नाव, कुत्र्याचे चित्र, बंद शिलाई आणि तारीख या चारही गोष्टी काउंटरवरच पाहून घ्याव्यात. दोन किलोची पिशवी ठकीला पंधरा दिवस पुरे. म्हणजे महिन्याला दोन पिशव्या लागत, आणि हा खर्च दूध-भाकरीच्या कित्येक पट असतो हे खरे आहे. माल दर वेळी साताऱ्यात मिळेलच असे नाही; एकदा पावसाने गाडी न आल्याने आमचा डबा रिकामा होण्याची वेळ आली आणि डॉक्टरांनी त्यांच्याकडील थोडे दाणे दिले म्हणून निभावले. त्यानंतर पाच दिवसांचे खाद्य शिल्लक असतानाच मी पुढची पिशवी मागवू लागले.

परिणामाचा हिशेब असा आहे. रक्त तिसऱ्या दिवशी थांबले, सारखे बसणे आठवड्यात थांबले. याचे श्रेय मी अँटिबायोटिकला देते, खाद्याला नाही. चार आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन बारीक खडे दिसेनासे झाले होते आणि मोठा निम्म्याहून लहान झाला होता. आठ आठवड्यांनी काहीच दिसले नाही. त्या दिवशी पीएच ६.५ होता आणि विशिष्ट गुरुत्व १.०१८; डॉक्टरांना ते १.०२० च्या खाली हवे होते. एक्स-रेवर न दिसणारे कणही उरलेले असू शकतात, म्हणून खाद्य त्यानंतर आणखी महिना-दीड महिना तसेच चालू ठेवले. अँटिबायोटिक किती दिवस द्यायचे हा डॉक्टरांचा प्रश्न आहे आणि तो त्यांच्यावरच सोडावा, पण जोडीने का लागते हे समजून घेण्यासारखे आहे: खडा थरांनी वाढलेला असतो, त्या थरांत जंतू अडकलेले असतात, आणि थर विरघळत जातो तसतसे ते पुन्हा लघवीत मोकळे होतात. नुसते खाद्य देऊन औषध मध्येच सोडणाऱ्यांना खाद्याचा गुण येत नाही आणि मग दोष खाद्याला दिला जातो.

घरी तपासणीसाठी मी औषधाच्या दुकानातून लघवीच्या पट्ट्या आणल्या होत्या. त्यांवरचा पीएचचा चौकोन अंदाजापुरता उपयोगी पडला. माणसांसाठीच्या त्या पट्ट्यांवरील विशिष्ट गुरुत्वाचा, पांढऱ्या पेशींचा आणि नायट्राइटचा चौकोन मात्र कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाचा नसतो. ते पाहून निश्चिंत होऊ नये किंवा घाबरूही नये.

ऑक्टोबरच्या अखेरीस डॉक्टरांनी हे खाद्य थांबवायला सांगितले, तेव्हा मला खरे तर भीती वाटली. दुकानदाराचे 'आयुष्यभर' मनात होते. डॉक्टरांचे म्हणणे असे की ज्याचा खडा संसर्गातून झाला आहे त्याचा बंदोबस्त संसर्ग रोखूनच होतो. जंतू नसेल तर अशा कुत्रीत स्ट्रुव्हाइट सहसा होत नाही, आणि जंतू असेल तर कायमचे पथ्यही पुरे पडत नाही. ऑक्झलेटच्या रुग्णांचे गणित वेगळे असते, त्यांना दीर्घकाळ पथ्य लागू शकते. आम्ही दहा दिवसांत सावकाश प्रौढ कुत्र्यांच्या साध्या खाद्यावर आलो. भिजवण्याची पद्धत, तीन भांडी आणि वेळच्या वेळी बाहेर नेणे हे मात्र तसेच ठेवले. डिसेंबरमध्ये महिन्याच्या नेमाच्या तपासणीत पीएच पुन्हा ७.५ च्या वर दिसला. ठकीला त्रास काहीच नव्हता. कल्चर केले तर संसर्ग परतला होता. औषधाचा एक क्रम झाला, एक्स-रे काढला, खडा नव्हता. हे खाद्य चालू असते तर तो संसर्ग झाला नसता असे मला वाटत नाही. तपासणी चुकवली असती तर मात्र आम्ही पुन्हा जुलैतच जाऊन पोहोचलो असतो.

म्हणून ज्या कुत्र्याचा खडा स्ट्रुव्हाइटचा आहे असे तपासणीतून ठरले आहे, लघवी तुंबलेली नाही, हृदय, मूत्रपिंड आणि स्वादुपिंड ठीक आहे, आणि ज्या घरात तीन महिने एकाच डब्यातून खायला घालण्याची तयारी आहे, त्या घरासाठी मी हे खाद्य निःशंकपणे सुचवीन. हिल्स कंपनीचेही अशा विकारांसाठीचे खाद्य मिळते आणि डॉक्टर ते देत असतील तर तेही घ्यावे. मी ते वापरलेले नाही, त्यामुळे तुलना करणार नाही. केवळ अहवालात स्फटिक आले म्हणून, किंवा शेजारच्या कुत्र्याला गुण आला म्हणून, किंवा 'होऊ नये यासाठी बरे' म्हणून घेणार असाल तर ते पैसे कल्चरवर आणि एक्स-रेवर खर्च करा.

सासूबाईंना आता डॉक्टरांनी शेवटच्या भाकरीचा चतकोर देण्याची परवानगी दिली आहे, दूध न लावता. त्या तो चतकोर देतात, आणि वीस दाण्यांचा नेमही त्यांनी मोडलेला नाही. दोन्ही मिळून दिवसाच्या मापातच बसवतात. वरणाचा डाव गच्चीच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. पुढची तपासणी येत्या सोमवारी आहे.